मर्यादित युद्ध, पण कोणासाठी मर्यादित?

‘मर्यादित युद्ध’ हा शब्द अलीकडे इतक्या सहजतेने वापरला जाऊ लागला आहे, की ऐकणाऱ्यास वाटावे, नदीला घाट बांधावा तसा युद्धालाही कोणी कायमचा घाट बांधून ठेवला आहे आणि पाणी कितीही चढले तरी ते पायऱ्या ओलांडून गावात शिरणार नाही. युद्धशास्त्राचे अभ्यासक हा शब्द काटेकोर अर्थाने योजतात. ज्या लढाईत उद्दिष्ट, प्रदेश, शस्त्रे आणि काल या चारही बाबतींत लढणारे पक्ष आपण होऊन हात आवरतात, ती मर्यादित लढाई. पुस्तकात ही व्याख्या निर्दोष आहे. परंतु ज्या दोन राज्यांच्या सरहद्दी एकमेकींस भिडलेल्या आहेत, ज्यांचा तंटा जुना आहे आणि ज्या दोघांच्याही कोठारांत अण्वस्त्रे आहेत, त्यांच्या बाबतीत हा हात आवरतो कोण, किती काळ आवरतो आणि त्याची किंमत कोणाच्या पदरातून वसूल होते, हे प्रश्न व्याख्येत येत नाहीत. त्यांची उत्तरे इतिहासात शोधावी लागतात. सीमेवर राहणाऱ्या माणसाने तर ती अवश्य शोधली पाहिजेत. कारण युद्ध मर्यादित ठेवायचे असे एकदा ठरले, म्हणजे ते ज्या पट्ट्यात कोंडून ठेवतात तो पट्टा बहुधा सीमेचाच असतो.

अण्वस्त्रे आली म्हणजे युद्धे संपतील, अशी एक आशा गेल्या शतकात पुष्कळांनी बाळगली होती. ग्लेन स्नायडर या अमेरिकन विद्वानाने १९६५ साली या आशेतील खोच दाखवून दिली. दोन्ही पक्षांजवळ सर्वनाशाचे साधन आले, की मोठे युद्ध कोणालाच परवडत नाही. परंतु मोठे युद्ध होणारच नाही अशी खात्री वाटू लागली, की लहान आगळीक करण्याचे धाडस वाढते. वरच्या मजल्यावर कुलूप पडले म्हणून तळमजल्यावर दंगा करण्यास मोकळीक मिळावी, तसा हा प्रकार आहे. स्नायडर यांनी हे लिहिले तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे अमेरिका आणि सोव्हिएत रशिया होते. पण त्या दोन सत्तांच्या मुख्य भूमींमध्ये समुद्र होता. शेजाऱ्या-शेजाऱ्यांमध्ये या विचाराची खरी परीक्षा झाली ती दोनदा: १९६९ साली उसुरी नदीच्या काठी आणि १९९९ साली कारगिलच्या शिखरांवर.

कारगिलची हकीकत आमच्या वाचकांस ठाऊक आहे. तरी तिचा क्रम पुन्हा एकदा ध्यानी घ्यावा, कारण तिचे सारे मर्म त्या क्रमात आहे. मे १९९८ मध्ये भारताने पोखरण येथे आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पाकिस्तानने चगाई येथे अणुस्फोट केले. फेब्रुवारी १९९९ मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी बसने लाहोरास गेले आणि २१ फेब्रुवारीस लाहोर घोषणापत्रावर सह्या झाल्या. अण्वस्त्रांसंबंधी अपघात घडल्यास परस्परांस कळवावे, क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांची पूर्वसूचना द्यावी, अशी समजूतही त्या वेळी झाली. आणि मे महिन्याच्या आरंभी बटालिक भागातील मेंढपाळांनी खबर आणली, की डोंगरावर परकी माणसे दिसत आहेत! कडक हिवाळ्यात उंचावरच्या काही चौक्या रिकाम्या ठेवण्याची दोन्ही सैन्यांची वहिवाट होती. त्या वहिवाटीचा फायदा घेऊन पाकिस्तानच्या नॉर्दर्न लाइट इन्फन्ट्रीचे सैनिक द्रास, मुश्कोह, काकसर आणि बटालिकच्या शिखरांवर येऊन बसले होते. त्यांच्या माऱ्याखाली श्रीनगर-लेह महामार्ग येत होता. एकीकडे लाहोरात हस्तांदोलन चालले होते आणि दुसरीकडे त्याच हिवाळ्यात ही घुसखोरी शिजत होती. पाकिस्तानच्या सेनानींचा अंदाज असा होता, की अण्वस्त्रांच्या धाकाने भारत मोठे युद्ध करणार नाही, जग मध्ये पडेल आणि बळकावलेली शिखरे हाती राहतील. स्नायडर यांचा ग्रंथ कोणी वाचला असो वा नसो, तळमजल्यावरील दंग्याचा हा उघड हिशेब होता.

या हिशेबास भारताने जे उत्तर दिले ते अभ्यासण्यासारखे आहे. घुसखोरी हुसकून लावायची, परंतु नियंत्रण रेषा ओलांडायची नाही, असा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. २६ मे रोजी वायुसेनेस युद्धात उतरवले, तेव्हाही हवाई दलाचे प्रमुख एअर चीफ मार्शल अनिल यशवंत टिपणीस यांच्या वैमानिकांना हेच बंधन घातले गेले. दुसऱ्याच दिवशी दोन विमाने आणि तिसऱ्या दिवशी एक हेलिकॉप्टर आपण गमावले. शत्रूची रसद तोडण्यासाठी रेषेपलीकडे जाणे हा युद्धशास्त्राचा सरळ धडा. तो वर्ज्य झाला. डोंगराला वळसा घालून पाठीमागून चढावे, तर ती वाटही बहुतेक ठिकाणी रेषेपलीकडून जात होती. उरली ती समोरची चढण. सुमारे १५,००० फुटांवरील तोलोलिंग घेण्यास तीन आठवडे लागले. ते १३ जूनला हाती आले. १६,००० फुटांहून उंच असलेला टायगर हिल ४ जुलैला पडला. २६ जुलैला मोहीम संपल्याची घोषणा झाली, तोवर ५२७ भारतीय सैनिक धारातीर्थी पडले होते आणि १,३०० हून अधिक जखमी झाले होते.

ही संख्या वाचताना एक गोष्ट विसरता कामा नये. युद्ध मर्यादित राहिले ते आपोआप राहिले नाही. मर्यादा राखण्याचा निर्णय दिल्लीच्या दालनात झाला आणि त्याचे मोल तोलोलिंगच्या उघड्या उतारावर, वरून गोळ्यांचा वर्षाव होत असता, रात्रीच्या अंधारात दोरखंड धरून चढणाऱ्या पोरांनी चुकते केले. तो निर्णय आमच्या मते योग्य होता. त्यानेच जगाचे मत भारताकडे वळले आणि ४ जुलै रोजी वॉशिंग्टन येथे अध्यक्ष क्लिंटन यांच्यापुढे नवाझ शरीफ यांना माघारीचे कबूल करावे लागले. परंतु निर्णय योग्य होता म्हणून तो स्वस्त होता असे नव्हे. संयमाचे श्रेय राज्यकर्त्यांना आणि त्याचा खर्च सैनिकांना, अशी ही वाटणी झाली. ज्यांच्या घरचे कोणी पलटणीत आहे, त्यांना हे निराळे सांगावे लागत नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावात आहे. येथील संचलनाचे बिगुल ऐकत वाढलेल्या लोकांस ‘मर्यादित’ या शब्दाची खरी किंमत कोणत्या हिशेबवहीत लिहिली जाते, ते कळते.

पलीकडच्या बाजूची कथा तर अधिकच दारुण आहे. आमचे सैन्य तेथे नाहीच, लढत आहेत ते मुजाहिदीन, असा पाकिस्तानचा पवित्रा होता. तो टिकवण्यासाठी त्याने आपल्याच सैनिकांची अनेक प्रेते ओळखण्याचे नाकारले, आणि भारतीय सैन्याने त्यांच्या धर्माच्या रीतीने त्यांचे दफन केले. पुढे त्याच राज्याने त्याच लढाईतील दोघांना निशान-ए-हैदर हा सर्वोच्च सन्मान दिला आणि २०१० साली पाकिस्तानी सेनेच्या संकेतस्थळावर तेथे पडलेल्या ४५३ जणांची नावे झळकली. ज्या लढाईचे अस्तित्वच सरकार नाकारते, त्या लढाईत मरणाऱ्याला मरणानंतरही अकरा वर्षे स्वतःचे नाव मिळू नये, यापरते दुर्दैव कोणते? आणि ज्या सेनाप्रमुखांच्या कारकीर्दीत हे साहस रचले गेले, त्या मुशर्रफ यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शरीफ यांना पदच्युत करून सत्ता बळकावली. शेजाऱ्यावर केलेल्या ‘लहान’ आगळिकीचा जाब घरातील राज्यव्यवस्थेला द्यावा लागला.

आता उसुरीकडे पाहू. त्या नदीतील दमान्स्की या बेटाचे, ज्याला चिनी लोक झेनबाओ म्हणतात, क्षेत्रफळ पाऊण चौरस किलोमीटरसुद्धा नाही. त्या चिमुकल्या भूमीसाठी २ मार्च आणि पुन्हा १५ मार्च १९६९ रोजी सोव्हिएत आणि चिनी सैनिक गोठलेल्या नदीवर एकमेकांवर तुटून पडले. चीनने पहिला अणुस्फोट १९६४ साली केला होता; रशियाचे सामर्थ्य तर सर्वश्रुत होते. मार्चमध्ये सोव्हिएत पंतप्रधान कोसिजिन यांनी टेलिफोनवरून पेकिंगच्या नेत्यांशी बोलण्याचा यत्न केला. चीनने ते बोलणे घेतले नाही. ऑगस्टमध्ये सिंकियांगच्या सरहद्दीवर पुन्हा रक्त सांडले. चीनच्या अणुकेंद्रांवर सोव्हिएत हल्ला होईल की काय, अशी कुजबुज जगाच्या राजधान्यांतून सुरू झाली आणि पेकिंगमध्ये नागरिकांकडून भुयारे खणवून घेण्यात आली. अखेर हो ची मिन्ह यांच्या अंत्यविधीहून परतताना कोसिजिन यांनी वाट वाकडी केली आणि ११ सप्टेंबर १९६९ रोजी पेकिंगच्या विमानतळावरच चौ एन लाय यांची भेट घेतली. तेथून आग निवळू लागली. ते बेट १९९१ च्या करारान्वये चीनकडे गेले. ज्या भूमीसाठी दोन महासत्ता सर्वनाशाच्या उंबरठ्यापर्यंत गेल्या, तिचा निकाल बावीस वर्षांनी कागद, नकाशा आणि मोजणीची साखळी यांनी लावला. तो निकाल आधी का लागू नये, हा प्रश्न नदीच्या बर्फावर मेलेल्यांच्या वतीने कोणी विचारला नाही.

या दोन प्रसंगांवरून कोणी असा निष्कर्ष काढील, की पाहा, अण्वस्त्रे असूनही दोन्ही वेळा युद्ध आवरले गेले, तेव्हा काळजीचे कारण नाही. आम्हांस हा निष्कर्ष घातक वाटतो. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही. गेल्या पंचवीस वर्षांत भारत आणि पाकिस्तान यांच्यामधील मर्यादेची रेघ दर खेपेस पुढे सरकली आहे, हे सत्य उघड मांडले पाहिजे. १९९९ साली नियंत्रण रेषा ओलांडायची नाही, ही मर्यादा होती. २००१ च्या डिसेंबरात संसदेवर हल्ला झाल्यावर दोन्ही सैन्ये दहा महिने समोरासमोर उभी राहिली, तरी ती ओलांडली नाही. उरी येथील हल्ल्यानंतर सप्टेंबर २०१६ मध्ये भारतीय तुकड्यांनी रेषेपलीकडे जाऊन प्रहार केला आणि तसे जाहीर केले. पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ४० जवानांचा बळी गेल्यावर २६ फेब्रुवारी २०१९ रोजी भारतीय विमानांनी बालाकोटवर मारा केला. बालाकोट काश्मीरच्या वादग्रस्त भागात नसून खैबर पख्तुनख्वा प्रांतात आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ निरपराध माणसे मारली गेली, त्यांत महाराष्ट्राचे सहा जण होते. त्यानंतर ७ मे रोजी नऊ ठिकाणी मारा झाला. त्यांत पाकिस्तानी पंजाबातील बहावलपूर आणि मुरीदके होती. १० मे पर्यंत दोन्ही बाजूंची क्षेपणास्त्रे आणि मानवरहित विमाने एकमेकांच्या लष्करी तळांवर जाऊन आदळत होती आणि रावळपिंडीनजीकचा नूर खान तळही त्यातून सुटला नव्हता.

या प्रत्येक पावलामागे चिथावणी होती, हे आम्ही जाणतो. दहशतवादी पोसणाऱ्या राज्याने अण्वस्त्राची ढाल पुढे करावी आणि त्या ढालीआडून मारेकरी पाठवावेत, आणि भारताने केवळ निषेधाचे खलिते धाडावेत, असे सांगणारा कोणी असेल तर आम्ही त्याच्या पंगतीस बसणार नाही. पहलगामच्या बळींस न्याय मागण्याचा अधिकार या राष्ट्रास आहे. परंतु अधिकार आहे म्हणून परिणामांचा विचार करू नये असे होत नाही. १९९९ साली घुसखोरीची पहिली खबर आल्यापासून वायुसेना उतरवण्यापर्यंत तीन आठवड्यांहून अधिक काळ गेला. त्या अवधीत विचार झाला, राजदूत फिरले, शत्रूचा ठाव घेतला गेला. २०२५ साली पहिल्या माऱ्यापासून शस्त्रसंधीपर्यंतचा सारा खेळ चार दिवसांत आटोपला. युद्ध लवकर संपले याचा आनंद मानावा. पण त्याच वेळी हेही ओळखावे, की विचार करण्यास उरलेला वेळ आठवड्यांवरून तासांवर आला आहे. शेजारच्या देशाचे क्षेपणास्त्र पोचण्यास काही मिनिटे पुरतात. येत असलेल्या क्षेपणास्त्राच्या टोकाला साधा दारूगोळा आहे की अण्वस्त्र, हे त्या मिनिटांत जमिनीवरून ओळखता येत नाही.

त्यात दोन्ही देशांची अण्वस्त्रविषयक धोरणे परस्परांच्या नेमकी उलट आहेत. अण्वस्त्राचा प्रथम वापर करणार नाही, परंतु आपल्यावर त्याचा वापर झाल्यास दुःसह प्रतिप्रहार करू, असे भारताने जानेवारी २००३ मध्ये जाहीर केले. पाकिस्तानने असे वचन कधीच दिले नाही. उलट २०११ साली त्याने ‘नस्र’ या केवळ साठ किलोमीटर पल्ल्याच्या क्षेपणास्त्राची चाचणी केली आणि ते रणभूमीवरील अण्वस्त्रासाठी असल्याचे सुचवले. एक म्हणतो, लहान अण्वस्त्र वापरलेस तरी उत्तर मोठेच मिळेल. दुसरा म्हणतो, लहान अण्वस्त्र आधी वापरीन. स्टॉकहोम येथील शांतता संशोधन संस्थेच्या जानेवारी २०२५ च्या अंदाजानुसार भारताजवळ सुमारे १८० आणि पाकिस्तानाजवळ सुमारे १७० अण्वस्त्रे होती. ही धमकी निव्वळ ढोंग आहे, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांना आम्ही इतकेच विचारतो, की ढोंग उघडे पाडण्याची परीक्षा किती वेळा घ्यायची? विस्तव खोटा आहे हे सिद्ध करण्यासाठी रोज हात घालून पाहणारा एक दिवस भाजणारच.

शिवाय सर्वच गोष्टी कोणाच्या ठरवण्याने घडतात असे नाही. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी, आकाशात चकमक चालू असता, श्रीनगरजवळ बडगाम येथे भारतीय वायुसेनेचे एक हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि सहा हवाई सैनिक व एक नागरिक प्राणास मुकले. ९ मार्च २०२२ रोजी तर शांततेच्या काळात, केवळ चुकीने, भारताचे एक निःशस्त्र क्षेपणास्त्र सुटले आणि पाकिस्तानी पंजाबातील मियाँ चन्नूजवळ जाऊन पडले. चौकशीअंती तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले. सुदैवाने त्या दिवशी दोन्ही देशांत वातावरण तापलेले नव्हते. तेच क्षेपणास्त्र ९ मे २०२५ च्या रात्री चुकीने सुटले असते, तर पलीकडच्या अधिकाऱ्याने ती चूक मानली असती काय?

उत्तरेकडे दुसरा अण्वस्त्रधारी शेजारी आहे. चीनशी झालेल्या १९९६ च्या करारान्वये प्रत्यक्ष ताबारेषेपासून दोन किलोमीटरांच्या आत बंदुका चालवायच्या नाहीत असे ठरले होते. १५ जून २०२० च्या रात्री गलवान खोऱ्यात तो नियम पाळला गेला, एकही गोळी सुटली नाही. आणि तरीही दगड, लोखंडी कांबी आणि खिळे ठोकलेले सोटे यांनी २० भारतीय सैनिकांचे प्राण घेतले. चीनने आपले चार सैनिक मेल्याचे पुढे मान्य केले. कराराचा शब्द शाबूत राहिला आणि त्यामागचा हेतू नदीत वाहून गेला. तथापि या दुःखातही एक गोष्ट दिसते. बंदुकीचा नियम तेथे नसता, तर ती रात्र कोठवर गेली असती याची कल्पना करवत नाही. अपुरा बांधही बांध नसण्यापेक्षा बरा.

आता ज्यांच्यासाठी हा लेख मुख्यतः लिहिला, त्यांच्याकडे वळू. पूंछ, राजौरी, उरी, कुपवाडा, कारगिल येथील माणसांना युद्ध मर्यादित आहे की अमर्याद, याने काय फरक पडतो? ७ मे २०२५ रोजी पूंछ शहरावर तोफगोळे पडले. घरे, शाळा, गुरुद्वारा यांपैकी काहीच त्यांतून वगळले गेले नाही आणि मरणाऱ्यांत शाळकरी मुले होती. केंद्र सरकारने जम्मू भागातील सीमावासीयांसाठी १४,००० हून अधिक खंदक बांधण्यास पूर्वीच मंजुरी दिली होती. त्यांचा भर रेषेलगतच्या खेड्यांवर होता, आणि आम्हांस आडोसाच नव्हता अशी तक्रार पूंछ शहरातील लोकांनी केली. रेषेपलीकडील खेड्यांतही शेतकरीच राहतात आणि तेथेही गोळे पडले. दिल्ली आणि इस्लामाबाद येथे जी चार दिवसांची चकमक ठरली, ती या गावांच्या लेखी घर, गोठा, दुभते जनावर, हातातोंडाशी आलेले पीक आणि मुलांच्या शाळेचे वर्ष घेऊन गेली. नोव्हेंबर २००३ मध्ये शस्त्रसंधी झाली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तिचा पुनरुच्चार झाला, तेव्हा याच पट्ट्यातील लोकांनी कुंपणाजवळच्या शेतांत पुन्हा नांगर धरला होता. म्हणजे तोफा शांत राहू शकतात, दोन सेनाधिकाऱ्यांच्या एका संयुक्त निवेदनानेही राहू शकतात, हे सिद्ध झालेले आहे. सीमेवरील माणूस हा नकाशावरील रेघेचा भाग नसून नागरिक आहे, एवढी साधी गोष्ट राजधानीच्या ध्यानी आणून देण्यास त्याला प्रत्येक वेळी मरावे लागते, ही लाजेची बाब आहे.

वृत्तपत्रांच्या कर्तव्याविषयीही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. मे २०२५ च्या त्या रात्रींत काही दूरचित्रवाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या, शत्रूची शहरे पडल्याच्या वार्ता आरडाओरड करून दिल्या. त्या सर्वस्वी खोट्या होत्या. अण्वस्त्रधारी शेजाऱ्यांमधील लढाईत खोटी बातमी ही करमणूक राहत नाही. ती ऐकून पलीकडचा सेनापती घाबरला वा चिडला, तर त्याच्या हातात काय आहे हे आपण जाणतो. सरकारनेही सत्य लपवून वार्तेला अंधार पुरवू नये. बडगामचे हेलिकॉप्टर आपल्याच माऱ्याने पडले, हे स्पष्टपणे कबूल करण्यास काही महिने लागले. मे २०२५ मध्ये आपली विमाने पडली, हे संरक्षणप्रमुखांनी प्रथम सांगितले ते ३१ मे रोजी, सिंगापुरात. १९९९ साली पडलेल्या विमानांची वार्ता ताबडतोब दिली गेली होती आणि त्याने राष्ट्राचे धैर्य खचले नाही. हानी ऐकण्याइतके हे राष्ट्र प्रौढ आहे.

तेव्हा मागणे काय? सैन्यसंचालकांमधील दूरध्वनी हा आजवरचा सर्वांत उपयोगी धागा ठरला आहे. १० मे २०२५ रोजी शस्त्रसंधी ठरली तीही त्याच मार्गाने, असे भारत सरकारने सांगितले आहे, जरी जगाला ती वार्ता आधी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या तोंडून कळली. तो धागा सैन्यापुरता न ठेवता राजकीय पातळीवरही असाच अखंड, भांडण असतानाही न तुटणारा दुवा असला पाहिजे. कोसिजिन यांचा टेलिफोन मार्चमध्ये घेतला गेला असता, तर सप्टेंबरातील विमानतळाची वाट पाहावी लागली नसती. अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा १९८८ चा करार दोन्ही देशांनी युद्धज्वरातही पाळला आहे आणि त्यानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीस याद्यांची देवाणघेवाण होत आली आहे. त्याच धर्तीवर क्रूझ क्षेपणास्त्रे आणि मानवरहित विमाने यांविषयीही पूर्वसूचनेचे नियम ठरवता येतील. २००५ चा पूर्वसूचनेचा करार केवळ बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांपुरता आहे; मियाँ चन्नूजवळ पडले ते त्या करारात बसत नव्हते. सीमेवरील प्रत्येक वस्तीस, शहर असो वा खेडे, पुरेसा आडोसा, रुग्णवाहिका आणि नुकसानीची भरपाई हक्काने मिळाली पाहिजे. प्रहाराचा बेत ज्या दिवशी आखला जातो, त्याच दिवशी तेथील लोकांना हलवण्याचा बेतही आखला गेला पाहिजे. आणि प्रत्येक चकमकीनंतर कारगिलसाठी के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली नेमली गेली तशी समिती नेमून तिचा अहवाल संसदेपुढे यावा. त्या अहवालानंतर सुरू झालेल्या विचारातून २००१ साली संरक्षणप्रमुखाच्या पदाची शिफारस झाली. ते पद प्रत्यक्ष भरण्यास २०२० साल उजाडले. इतका सावकाशपणा यापुढे परवडणार नाही.

यांपैकी एकाही गोष्टीने शत्रुत्व संपणार नाही, हे आम्ही जाणतो. पाकिस्तान दहशतवादाची कास सोडीपर्यंत भारताला शस्त्र हाती ठेवावे लागेल, आणि कदाचित चालवावेही लागेल. युद्धात जिंकून तहात हरण्याची भीती आमच्या लोकांना जुनी आहे. ती भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. परंतु मर्यादा आखणे म्हणजे हार मानणे, असे ज्यांना वाटते त्यांनी १९९९ चा इतिहास पुन्हा वाचावा. भारताने रेषा ओलांडली नाही आणि शिखरेही सोडली नाहीत. तो विजय संयमाचा होता आणि शौर्याचाही होता; मात्र तो ५२७ घरांच्या उंबरठ्यांवरून गेला. पुढच्या खेपेस मर्यादा कोणती, ती कोण पाळणार आणि ती मोडली तर थांबवायचे कोणी, हे प्रश्न पहिली तोफ डागण्याच्या आधी विचारले गेले पाहिजेत. ते विचारण्याचा पहिला अधिकार ज्यांच्या अंगणात तोफगोळा पडणार, त्यांचा आहे. आणि त्यांनी तो बजावावा, कोणी परवानगी देण्याची वाट पाहू नये.